साखळी, इस्पितळ आणि आपली वस्ती

येरवडा म्हटले की आपल्या वाचकाला १९३२ चा करार आठवतो. तुरुंगाच्या त्या भिंतीचा इतिहास आपण लिहिला, त्यावर वाद घातले, आजही घालतो. त्याच येरवड्यात दुसरी एक भिंत आहे, मनोरुग्णालयाची. २,५४० खाटांच्या मंजुरीमुळे ते राज्यातले सर्वांत मोठे मनोरुग्णालय मानले गेले. 'याला येरवड्याला पाठवा' असे म्हणून मराठी माणूस हसतो. या भिंतीआड कोण गेले, कोणी पाठवले, आणि ज्यांना तिथवरही पोहोचता आले नाही त्यांचे काय झाले, हा इतिहास मात्र आपण लिहिलेला नाही. चळवळीने जमिनीचा हिशेब मागितला, पाणवठ्याचा मागितला. आपल्याच घरात खुंट्याला बांधलेल्या माणसाचा हिशेब मागायला आपल्याला लाज वाटली.

ही लाज मी जवळून पाहिली आहे. माझा धाकटा मामा १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर होता. त्याच सुमारास तो बदलला. रात्ररात्र बोलत राही, कोणी आपल्यावर विष टाकतो म्हणून सुकडीला हात लावीना. आजीने भगत केला, देवऋषी केला, अंगारे झाले, उतारे झाले. बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर असलेल्या घरात हे कसे, असे आज विचारणे सोपे आहे. तालुक्याच्या दवाखान्यात या आजाराचे नाव उच्चारणारा कोणी नव्हता, आणि भगत मात्र हाकेच्या अंतरावर होता.

मामाला साखळी लागली ती त्याने कोणाला मारले म्हणून नव्हे. एका दुपारी तो सरळ गावात गेला आणि पाटलाच्या विहिरीच्या काठावर जाऊन बसला. गावातला एखादा भ्रमिष्ट ब्राह्मण किंवा मराठा कोणाच्याही ओसरीवर बसला, तर लोक त्याला भाकरी देत. 'बिचाऱ्याचं डोकं फिरलंय' म्हणत. आमच्या मामाचे डोके फिरले तेव्हा गावाला त्यात आजार दिसला नाही, माज दिसला. त्याला मारून आणून टाकले. त्या संध्याकाळी आजोबांनी साखळी आणली. लेकराला गावापासून वाचवायचा त्यांना ठाऊक असलेला तो एकच मार्ग होता. सुरक्षित सांभाळ या शब्दाचा आमच्या घरातला पहिला अर्थ हा असा.

या अर्थाला जुना इतिहास आहे. कंपनी सरकार जाऊन राणीचे राज्य आले त्याच वर्षी, १८५८ मध्ये, वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा झाला. रस्त्यावर फिरणारा, धोकादायक वाटणारा माणूस पोलिसाने उचलावा, मॅजिस्ट्रेटपुढे न्यावा आणि इस्पितळात ठेवावा, ही त्याची रीत. नागपूरचे इस्पितळ १८६४ चे, रत्नागिरीचे १८८६ चे, ठाण्याचे १९०१ चे. या व्यवस्थेपुढे पहिला प्रश्न रस्ता शांत कसा राहील हा होता. माणूस बरा कसा होईल हा प्रश्न नंतरचा. आणि वेडातही पंक्ती वेगळ्याच होत्या. रांचीला १९१८ मध्ये इस्पितळ निघाले ते युरोपियनांसाठी. हिंदी माणसांसाठी तिथे, कांके येथे, वेगळे इस्पितळ १९२५ मध्ये झाले. ज्यांनी आयुष्यभर वेगळी पंगत सोसली त्यांना यात नवल वाटू नये.

१९१२ च्या कायद्याने नातेवाइकाला दार उघडले, पण कसे? त्याने मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करावा, सोबत दोन डॉक्टरी दाखले जोडावेत. ज्या घरात अक्षरओळख नाही, कचेरीत गेले की दाराबाहेर उभे राहावे लागते आणि एक दिवस मोडला की चूल पेटत नाही, त्या घराला हे दार किती उघडे? १९४६ च्या भोर समितीने देशातल्या मनोरुग्णांच्या खाटा मोजल्या. साऱ्या देशात सुमारे दहा हजार, म्हणजे चाळीस हजार माणसांमागे एक. इंग्लंडात हे प्रमाण तीनशेंमागे एक होते. स्वातंत्र्य आले, पण १९१२ चा कायदा त्यानंतरही चार दशकांहून अधिक काळ राहिला. त्याची जागा घेणारा कायदा १९८७ मध्ये मंजूर झाला आणि अमलात आला १९९३ मध्ये.

मधल्या काळात दोन चांगल्या गोष्टी घडल्या, त्या नाकारू नयेत. १९५० च्या दशकात या आजारावर खरोखर उतार देणारी औषधे आली. त्याच दशकात अमृतसरच्या इस्पितळात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या नातेवाइकांना त्यांच्याजवळ राहायला बोलावले. घरच्यांनी आजार समजून घेतला, रुग्ण लवकर घरी परतू लागले. पुढे 'कुटुंब हाच रुग्णाचा आधार' हे सूत्र सर्वांच्या तोंडी बसले. पण कुटुंब म्हणजे कोणते? ज्याला दोन खोल्या आहेत, घरी राहणारे एक माणूस आहे, औषधाला पैसा आहे ते. आमच्या आजीपुढे रोज सकाळी एकच निवड होती. मजुरीला जावे तर मामाला बांधावे लागे, आणि मोकळा ठेवावा तर उपाशी राहावे लागे.

मामालाही इस्पितळ मिळाले. कोणत्या शहरातले ते सांगत नाही. अर्ज एका शिक्षकाने लिहून दिला. आजोबांनी एस.टी.त त्याचा हात आपल्या हाताला उपरण्याने बांधून नेला. चार महिन्यांनी तो परतला तो डोके भादरलेला, पण शांत. आजीला त्याने नावाने ओळखले, जेवला, झोपला. घरात सण झाला. गोळ्या दोन महिन्यांच्या होत्या. त्या संपल्यावर पुढच्या गोळ्यांसाठी जाऊन-येऊन दोन दिवस आणि तेवढ्या दिवसांची मजुरी लागणार होती. एकदा आजोबा गेले, तर रुग्णाला घेऊन या म्हणून परत पाठवले. पुन्हा गेले नाहीत. साखळी कोपऱ्यातच होती.

साखळीचे पुढे काय झाले ते साऱ्या देशाने पाहिले. तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याभोवती रुग्णांना ठेवून घेणारी खाजगी घरे उभी राहिली होती. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे अशाच एका झोपड्यात आग लागली. साखळ्यांमुळे माणसांना पळता आले नाही. २८ जण गेले. त्यांना तिथे सोडणारे नातेवाईक सगळेच निर्दय होते असे मी मानत नाही. श्रद्धेबरोबर तिथे निवारा मिळत होता, आणि सरकारी निवारा दूर होता. १९९३ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने शीला बर्से यांच्या खटल्यात, गुन्हा न केलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणे बेकायदा ठरवले होते. म्हणजे तोवर 'सुरक्षित जागा' म्हणून तुरुंगही वापरला जात होता.

आज कागद आपल्या बाजूने आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे हा गुन्हा केला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीला बंदी केली. उपचार हा हक्क मानला आणि त्यात जातीवरून भेद करता येणार नाही असे स्पष्ट लिहिले. दारिद्र्यरेषेखालच्यांना उपचार मोफत. केवळ घरच्यांनी नाकारले म्हणून कोणाला इस्पितळात डांबून ठेवता येणार नाही, आणि अशांसाठी निवाऱ्याची घरे सरकारने काढावीत, हेही त्यात आहे. जिल्ह्यात सरकारी सोय नसेल तर तिथेच अन्यत्र घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारवर आहे. आजारपणात व असमर्थतेत साहाय्य मिळावे हे संविधानाच्या ४१ व्या कलमात आधीपासून आहे, पण ते मार्गदर्शक तत्त्व म्हणून. आता तो मागण्याजोगा हक्क झाला आहे.

मागणार कोण, हा प्रश्न उरतो. शिष्यवृत्तीसाठी आपण मोर्चे काढले. तालुक्याच्या दवाखान्यात या गोळ्या दर महिन्याला मिळाव्यात म्हणून एकही मोर्चा मला आठवत नाही. विहारात, मंडळात, संघटनेच्या बैठकीत हा विषय निघाला पाहिजे. ज्या घरात असा माणूस आहे त्या घरातली बाई दोन दिवस मजुरीला जाऊ शकेल, एवढी पाळी वस्तीने वाटून घेतली पाहिजे. आणि वस्तीतला असा माणूस गावात गेला तर त्याला मारणाऱ्यावर ॲट्रॉसिटीची फिर्याद झाली पाहिजे. त्याचे आजारपण हा मारणाऱ्याचा बचाव होऊ शकत नाही.

मामा १९८४ मध्ये घरीच गेला. अंघोळ घालताना त्याच्या उजव्या घोट्याभोवतीचा वण आजी ओल्या फडक्याने पुन्हा पुन्हा पुसत होती. 'मीच बांधलं रे,' एवढेच ती म्हणाली. तिने एकटीने बांधले नव्हते, हे मला तेव्हा सांगता आले नाही. म्हणून आज हे लिहिले.