सॅन डिएगो मॉडेल रेलरोड म्युझियम

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅलिफोर्निया राज्याच्या दक्षिण टोकास, सॅन डिएगो शहराच्या बॅल्बोआ उद्यानात असलेले, आगगाड्यांच्या चालत्या प्रतिकृतींचे विख्यात संग्रहालय. उद्यानातील एल प्राडो या मुख्य रस्त्यावरील कासा दे बॅल्बोआ नामक इमारतीच्या खालच्या मजल्यावर ते वसलेले असून त्याने सु. २७,००० चौ. फूट जागा व्यापली आहे. लहान प्रमाणातील लोहमार्गांच्या बंदिस्त संग्रहालयांत त्याची गणना जगातील मोठ्या संग्रहालयांमध्ये होते. त्याचे खरे वैशिष्ट्य मात्र विस्तारात नाही. नागरिकांच्या हौशी मंडळांनी, वेतनाची अपेक्षा न धरता, वर्षानुवर्षे खपून उभे केलेले आणि आजही स्वतःच चालवलेले हे काम आहे, हे ते वैशिष्ट्य होय.

इतिहास : कासा दे बॅल्बोआ ही वास्तू मुळात १९१५ च्या पनामा-कॅलिफोर्निया प्रदर्शनासाठी बांधण्यात आली होती. २२ फेब्रुवारी १९७८ रोजी लागलेल्या आगीत ती, आतील विमानविद्येच्या संग्रहालयासह, भस्मसात झाली. पुढे जुन्या घडणीबरहुकूम तिची पुनर्बांधणी झाली, तेव्हा शहरातील प्रतिकृतिकारांच्या मंडळांना तेथे कायमची जागा देण्याची तजवीज करण्यात आली व १९८२ मध्ये संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. सर्वसाधारण कारभार नफा न कमावणाऱ्या संस्थेकडे, आणि प्रत्येक रचनेची उभारणी व देखरेख त्या त्या मंडळाकडे, अशी कामाची वाटणी आहे.

रचना : संग्रहालयातील प्रमुख रचना ओ (१:४८), एचओ (१:८७) आणि एन (१:१६०) या तीन प्रमाणांत आहेत. प्रत्यक्षातील ४ फूट ८.५ इंच अंतराचे रूळ एचओ प्रमाणात १६.५ मिमी. वर, तर एन प्रमाणात अवघ्या ९ मिमी. वर येतात. ‘कॅब्रिलो अँड साउथवेस्टर्न’ ही ओ प्रमाणातील आणि ‘पॅसिफिक डेझर्ट लाइन्स’ ही एन प्रमाणातील रचना कल्पित रेल्वेमार्गांच्या आहेत. एचओ प्रमाणातील दोन रचनांनी मात्र कॅलिफोर्नियातील दोन खऱ्या मार्गांचे चित्रण केले असून, संग्रहालयाची कीर्ती मुख्यतः त्यांवरच अधिष्ठित आहे. यांखेरीज तीन रुळांवर धावणाऱ्या जुन्या खेळण्यांतील गाड्यांचे स्वतंत्र दालन आहे.

टहॅचपी घाट : बेकर्सफील्ड व मोहावी यांच्या दरम्यानचा हा घाटमार्ग सदर्न पॅसिफिक कंपनीने विल्यम हूड या अभियंत्याच्या आखणीनुसार, हजारो चिनी मजुरांच्या श्रमांवर १८७६ मध्ये पूर्ण केला. शंभरास दोन, म्हणजे पन्नासास एक, यापेक्षा तीव्र चढ न देता उंची गाठावयाची, तर लोहमार्गाने स्वतःभोवतीच वेढा घेतला पाहिजे, हे जाणून हूड यांनी ०.७३ मैल लांबीचे वलय आखले. त्यात मार्ग ७७ फूट उंच चढतो, आणि पुरेशी लांब मालगाडी असेल तर तिचे इंजिन खालच्या बोगद्यातून जाणाऱ्या तिच्याच शेवटच्या वाघिणींवरून पुढे सरकते. आपल्या बोरघाटाचा सदतिसास एक हा चढ याहून तीव्र. तेथील अभियंत्यांनी गाडीची दिशा उलटवून ती पुढे चढवणाऱ्या उलटफेर स्थानकाची युक्ती योजली, येथे वलयाची. १:८७ या प्रमाणात ही ७७ फुटांची चढण साडेदहा इंचांहून किंचित अधिक भरते आणि वलयाची लांबी सु. ४४ फूट होते. ला मेसा मॉडेल रेलरोड क्लबने विसाव्या शतकाच्या मध्याचा काळ धरून हा घाट रचला आहे. वाफेची इंजिने मावळत व डिझेलची उगवत असताना, दोन्ही एकाच रुळावर दिसत, तो हा काळ.

सॅन डिएगो अँड ॲरिझोना ईस्टर्न : उद्योगपती जॉन डी. स्प्रेकेल्स यांनी १९०७ मध्ये काम सुरू केलेला आणि १५ नोव्हेंबर १९१९ रोजी सोन्याचा खिळा ठोकून पुरा केलेला हा मार्ग, कारिझो घळीतील दुर्गम कड्यांमुळे ‘अशक्य रेल्वे’ या नावाने ओळखला गेला. १९३२ मध्ये त्यावरील एक बोगदा ढासळल्यामुळे मार्ग वळवून गोट कॅन्यन येथे १८६ फूट उंचीचा लाकडी पूल बांधण्यात आला. वाऱ्याच्या दाबास तोंड देता यावे म्हणून तो वक्राकार ठेवलेला आहे. १९७६ च्या चक्रीवादळाने या मार्गाची मोठी हानी केली. आज त्या घळीतून गाडीने जाणे शक्य नाही. संग्रहालयात मात्र सु. २६ इंच उंचीला उतरलेल्या त्या पुलावरून गाडी जाताना पाहावयास मिळते.

उभारणीची रीत : अशा रचनेत प्रथम लाकडी सांगाडा, त्यावर बुचाची पट्टी आणि तीवर रूळ बसवतात. डोंगरांसाठी जाळीवर प्लास्टरचे कापड पसरतात. कातळांसाठी खऱ्या खडकांवरून घेतलेल्या रबरी साच्यांत प्लास्टर ओतून ते रंगवतात. रुळांखालची खडी घालणे हे सर्वांत कष्टाचे काम होय. चाळून एकसारखी केलेली बारीक कच मऊ कुंचल्याने स्लीपरांच्या मध्ये सारखी करावयाची, एकही कण रुळाच्या आतल्या अंगास चिकटू द्यावयाचा नाही, आणि मग पाण्याने पातळ केलेला सरस थेंबाथेंबाने सोडून ती जागच्या जागी घट्ट करावयाची. या क्रमाने हातभर मार्ग होण्यास सहज एक संध्याकाळ खर्ची पडते.

संचालन : टहॅचपी रचनेवर ठराविक प्रसंगी सदस्य जमून प्रत्यक्ष रेल्वेच्या नियमांबरहुकूम गाड्या चालवतात. एकेरी मार्गावर समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांपैकी कोणती कोठल्या बाजूच्या रुळावर थांबेल, हे वेळापत्रक व लेखी हुकूम यांवरून ठरते. नियंत्रक हुकूम सांगतो, स्थानकावरील कारकून तो ठराविक नमुन्यात उतरवून जसाच्या तसा परत वाचून दाखवतो, आणि त्याची प्रत चालक व गार्ड यांच्या हाती पडल्यावाचून गाडी हलत नाही. चढावर जड मालगाडीस मदतनीस इंजिने जोडावी लागतात, माथ्यावर ती सोडवावी लागतात व पुढच्या गाडीसाठी पायथ्याशी परत धाडावी लागतात. या साऱ्याचा हिशेब ठेवणे हीच त्या कामातील खरी विद्या होय.

महत्त्व : वापरातून गेलेले इंजिन चौथऱ्यावर ठेवून जपता येते, जुने नकाशे व दस्तऐवज दप्तरात बांधून ठेवता येतात; परंतु असंख्य माणसांनी परस्परांच्या शब्दावर विसंबून एक मार्ग अहोरात्र कसा चालवला, ते कौशल्य वस्तूंमध्ये साठवता येत नाही. ते करूनच टिकवावे लागते. बिनतारी व संगणकीय नियंत्रणामुळे लेखी हुकुमांची पद्धती खऱ्या रेल्वेतून जवळजवळ नाहीशी झाली असता, ती येथे अभ्यासाने जिवंत राखली गेली आहे. म्हणून या संग्रहालयास केवळ मनोरंजनाचे स्थान मानणे अन्यायाचे ठरेल. पुण्यात कोथरूड येथे १९९८ मध्ये स्थापन झालेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय हे याच छंदाचे महाराष्ट्रातील सुपरिचित उदाहरण असून, तेही खाजगी व्यासंगातूनच उभे राहिले आहे. ज्या घाटांतून आपल्या देशातील आरंभीचे लोहमार्ग चढले, त्यांच्या संचालनाची जुनी रीत ठाऊक असलेली माणसे हयात आहेत तोवरच, नागरिकांच्या मंडळांनी ती अशा रचनांमधून नोंदवून ठेवणे अगत्याचे आहे. आणि ते कसे साधावे, याचा सॅन डिएगो येथील उद्योग हा भरवशाचा वस्तुपाठ होय.