शनिवारची रात्र आणि शेवटची कल्याण

मुंबईत समलिंगी पुरुषांच्या वाट्याला बार आला नाही, आली ती एक रात्र. कुलाब्यात आर्थर बंदर रोडवरच्या ‘व्हूडू’ पबमध्ये इतर दिवशी गिऱ्हाईक वेगळं असे. नव्वदच्या दशकात शनिवार मात्र यांचा झाला. जागेची कुंडली भारी. इथंच पूर्वी ‘स्लिप डिस्क’ हा डिस्को होता आणि १९७२ मध्ये लेड झेपेलिन या रॉक बँडचे रॉबर्ट प्लांट आणि जिमी पेज तिथं चक्क वाजवून-गाऊन गेले होते. व्हूडूच्या काळात तो दिमाख उरला नव्हता. पण तक्रार कोण करणार?

त्याआधीचा अड्डा आणखी साधा: ताज हॉटेलच्या मागचा ‘गोकुळ’ बार. न्यूयॉर्कमध्ये २१ एप्रिल १९६६ रोजी मॅटाशीन सोसायटी या समलिंगी हक्क संघटनेच्या कार्यकर्त्यांनी ‘ज्युलियस’ बारमध्ये ‘आम्ही समलिंगी आहोत’ असं सांगून दारू मागितली, तेव्हा बारमननं ग्लासावर हात ठेवला. आपल्याकडे असं सांगायची गरजच नव्हती. परमिट रूम म्हणजे मुळात पुरुषांचं राज्य. दोघं एका टेबलावर क्वार्टर आणि चकणा घेऊन बसले तर कोण कशाला बघतंय? धास्ती होती ती बाहेर, पोलिसांची आणि समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ ची.

कार्यकर्ते अशोक राव कवी यांचं ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगींसाठीचं नियतकालिक १९९० मध्ये निघालं, १९९४ मध्ये ‘हमसफर ट्रस्ट’ उभा राहिला, १९९८ मध्ये ‘गे बॉम्बे’ हा गट. इतिहासात या नोंदी आहेत. ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या पोरांच्या नाहीत.

त्यांची शनिवारची रात्र घड्याळाला बांधलेली. पार्टी रंगात येते नेमकी तेव्हाच व्हीटी गाठायची वेळ होते. शेवटची कल्याण लोकल चुकली तर पहाटेपर्यंत फलाट, आणि वर घरी सांगायची थाप वेगळीच. कुलाब्यात राहणाऱ्याला हा हिशेब कधी करावाच लागला नाही. खरं तर अनेकांच्या ओळखी बारपर्यंत पोचायच्या आधीच, लोकलच्या गर्दीत होत. सेकंड क्लासच्या मधल्या डब्याची ख्याती जाणकारांना ठाऊक होती. तिथं ना प्रवेश फी, ना इंग्रजी बोलायची सक्ती. म्हणून या शहराच्या गे बारचा इतिहास लिहिताना मध्य रेल्वे वगळणं हा अर्धवटपणा ठरेल.

व्हूडू आता बंद आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना ३७७ मधून वगळलं, त्यामुळे कायद्याची ती भीती गेली. नव्वदच्या दशकात शेवटची गाडी धरणारे आता पन्नाशी-साठीत असतील. त्यांनी नावं गाळून का होईना, पण मराठीत हे लिहून ठेवावं.