लेकरासाठी पडलेला खाडा कोणी भरून द्यायचा?

28 जुलै 1928 रोजी मुंबई कायदे मंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बाबासाहेब बोलले. मुद्दा सरळ होता. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर कामगार बाईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून खर्चाचा मोठा भार खरे तर सरकारने उचलावा. पण तिच्या श्रमाचा फायदा मालक घेतो, तेव्हा त्यानेही हात झटकू नयेत. 1929 ला कायदा झाला. तो कारखान्यापुरता, आणि पैसे मालकाच्या माथी. शेतमजूर बाई त्यात नव्हतीच. (जयंतीच्या स्टेजवरून हे भाषण फारसे ऐकू येत नाही, ते का?)

आता 2020 कडे या. ब्रिटनमध्ये सरकारने घरी बसलेल्या कामगाराचा 80 टक्के पगार, महिना 2500 पौंडांपर्यंत, आपल्या तिजोरीतून दिला. मूल सांभाळायचे म्हणून कामावर येता न येणाऱ्यालाही मालक या योजनेत घालू शकत होता. म्हणजे 1928 ची मागणी अव्यवहार्य नव्हती. इकडे केंद्राने 29 मार्च 2020 ला पगार कापू नका असा आदेश मालकांना दिला. सरकारी पैसा त्यात नव्हता, लेकरांचा उल्लेखही नव्हता. मे महिन्यात तो आदेशही संपला.

जुन्नर-आंबेगावात तर प्रश्न उलटाच होता. शेतीकामाला टाळेबंदीतून सूट होती. नारायणगावच्या टोमॅटोला, मंचर-ओतूरच्या कांद्याला मजूर लागत होते, आणि शाळा, अंगणवाड्या बंद. अंगणवाडीचा शिधा घरी पोचवण्याची सोय झाली, पण लेकरू सांभाळले जायचे ते तास कोणी पोचवणार? ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला 1 डिसेंबर 2021 उजाडला. आई घरी राहिली तर खाडा, रोजगार बुडाला. कामाला गेली तर थोरली पोरगी धाकट्याला घेऊन बसणार आणि तिचा अभ्यास बुडणार. हा खर्च दलित-आदिवासी घरांनी भरला, कुठल्याच हिशेबात न येता.

एप्रिल 2021 मध्ये राज्याने मदत जाहीर केली. नोंदणीकृत बांधकाम कामगाराला 1500, घरकामगाराला 1500, खावटी योजनेतून आदिवासी कुटुंबाला 2000 रुपये. पश्चिमेकडच्या आदिवासी गावांना निदान घोडेगावचे प्रकल्प कार्यालय तरी आहे. पूर्व पट्ट्यातली भूमिहीन बौद्ध, मातंग शेतमजूर बाई यातल्या कुठल्या रजिस्टरात बसते? शेतमजूर म्हणून तिच्यासाठी त्या यादीत रकानाच नव्हता.

रकाना करता येत नाही, असे मात्र कोणी सांगू नये. रोजगार हमीच्या तेव्हाच्या केंद्रीय कायद्यात पाच किंवा जास्त लहान मुले कामावर आली, तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमून तिला रोजची मजुरी द्यायची तरतूद होती. मूल सांभाळणे हे मजुरीचे काम आहे आणि मजुरी सरकारने द्यायची, हे तिथे कायद्यानेच मान्य केले होते. मग महामारीत तेच सूत्र शेतमजूर वस्तीला का लावले नाही? पुढच्या ग्रामसभेत आपल्या गावचे मस्टर मागा आणि त्यावर लेकरे सांभाळणाऱ्या बाईचे नाव एकदा तरी लागले होते का, ते विचारा.