लाकडी वखारी आणि पायाखालचं पाणी

वखार म्हटलं की आपल्याला शाळेच्या इतिहासातली इंग्रजांची सुरतेची वखार आठवते, नाहीतर कोपऱ्यावरची लाकडाची. नॉर्वेतल्या बर्गन बंदरात, ब्रिगेनला, मला दोन्ही अर्थ एकत्र भेटले. परदेशी व्यापाऱ्यांचं ठाणं, आणि तेही अख्खं लाकडाचं!

१३६० च्या सुमारास जर्मन व्यापाऱ्यांच्या हान्सा संघानं इथे ठाणं मांडलं. उत्तरेकडून सुका कॉड मासा यायचा, बदल्यात धान्य जायचं. (आपल्या सुक्या बोंबलाचा थोरला भाऊच, पण वाळवलेला थंड वाऱ्यावर आणि मिठाशिवाय.) आगीची धास्ती एवढी की लाकडी इमारतींत चूल नाही, शेकोटी नाही. स्वयंपाक आणि ऊब यांसाठी मागे वेगळ्या इमारती, मौल्यवान माल दगडी कोठारांत.

तरी १७०२ साली सगळं जळालंच. लोकांनी ते जुन्याच आखणीवर, जुन्याच पद्धतीनं पुन्हा उभं केलं. म्हणजे आज आपण बघतो त्या इमारती अठराव्या शतकातल्या, आखणी मात्र मध्ययुगातली.

१९५५ मध्ये पुन्हा आग लागली आणि मोठा भाग गेला. उरलेलंही पाडून टाका, असं म्हणणारे होतेच. पण राखेखालच्या उत्खननात रून लिपीतले सहाशेहून जास्त लेख निघाले. माल कोणाचा हे सांगणाऱ्या लाकडी चिठ्ठ्या, प्रेमाचे निरोप, आणि एका बाईनं पाठवलेला 'घरी ये' असा निरोपसुद्धा! १९६२ मध्ये जतनासाठी संस्था निघाली, १९७९ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत नाव आलं. आज ६२ इमारती उभ्या आहेत.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण जळालेल्या जागेवर हॉटेल झालं, त्याच्या तळघरासाठी पाण्याचा निचरा केला गेला आणि शेजारची भूजलाची पातळी खाली गेली. लाकूड पाण्यानं कुजतं असं आपण धरून चालतो. जमिनीखाली उलटं असतं! पाण्यात बुडालेल्या लाकडापर्यंत प्राणवायू पोचत नाही, म्हणून ते शतकानुशतकं टिकतं. पाणी हटलं, हवा शिरली, पायाचं लाकूड कुजू लागलं आणि इमारती खचू लागल्या. शेवटी उपाय काय, तर पावसाचं पाणी गटारात न सोडता जमिनीत मुरवायचं. बर्गनमध्ये पावसाला काय तोटा!

आज या खोल्यांत कारागीर आहेत, दुकानं आहेत, खानावळी आहेत. काहींना हा बाजार खुपतो. मला नाही खुपला. ती जागा मुळात बाजाराचीच. शिवाय वावर असलेल्या घरातलं गळकं छप्पर लगेच कळतं, कुलूपबंद घरातलं ते पडल्यावरच. पण नुसता वावर पुरत नाही, शेजारच्यानं काय खणलंय तेही बघावं लागतं. जतनाचा नियम एका इमारतीपुरता लिहून भागेल का? तुम्हाला काय वाटतं?