कोसंबींचे सूत्र

दामोदर धर्मानंद कोसंबी म्हटले की आपल्याला इतिहासकार आठवतो. मला कवी म्हणून आठवतात ते भर्तृहरीच्या नावावरचे श्लोक पोथ्यापोथ्यांतून पारखून १९४८ मध्ये छापणारे संपादक. पण गोव्यात जन्मलेला हा माणूस पेशाने गणिती. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवत असताना, १९४३ मध्ये, त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. वाऱ्याच्या झोतासारख्या बेभरवशाच्या गोष्टीची ठरावीक लहरींत फोड कशी करावी, हे त्यात होते. मोजक्याच लहरी घेतल्या तरी सरासरी चूक कमीत कमी राहते. मात्र चढउतारांचे परस्परसंबंध आधी ठाऊक हवेत. समीकरण सुटण्याआधी उत्तराचे परस्परसंबंध कसे कळणार? तिथे नॉर्बर्ट वीनर यांची १९३८ ची बहुपदींची रीत कामी येते. पण तिच्यात पदे भराभर वाढतात. १९९१ मध्ये घानेम आणि स्पानोस यांनी दोन्ही एकत्र आणल्या : दिलेल्या माहितीला पहिली, उत्तराला दुसरी.

पहिल्या रीतीला जग कारहुनेन आणि लोएव्ह यांचे नाव देते. दोघांनीही ती स्वतंत्रपणेच शोधली, पण कोसंबींनंतर. आता काही अभ्यासक त्यांचेही नाव जोडतात. गाण्याचा कर्ता विसरला तर ते लोकगीत होते. सूत्राला मात्र दुसऱ्याचे नाव चिकटते. भर्तृहरीसाठी कोसंबींनी पोथ्या चाळल्या. कोसंबींसाठी आपण एवढे तरी लक्षात ठेवू या.