सुट्या चहाचे दुकान



आजच्या विषयाचे नाव वाचून काहींना हसू आले असेल. ज्या व्यासपीठावर संतवाङ्मयावर आणि राज्यघटनेवर व्याख्याने व्हावयाची, तेथे हा कामगार चळवळीतला माणूस चहाच्या दुकानावर बोलणार! परंतु आम्हां युनियनवाल्यांची निम्मी कामे चहावरच होतात, तेव्हा मला या विषयाचा थोडा अधिकार आहे. शिवाय शहरात नवे बिऱ्हाड थाटणारा माणूस पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्याला विचारतो, "अहो, इथे चांगली चहापत्ती कुठे मिळते?" हा प्रश्न तीनशे वर्षांचा जुना आहे, आणि तो मुळात विश्वासाचा प्रश्न आहे. कारण कापड बोटांनी पारखता येते, धान्य दाताखाली धरून पाहता येते. सुट्या चहाचा खरेखोटेपणा मात्र उकळते पाणी पडेपर्यंत गिऱ्हाइकाला कळत नाही.

हा प्रश्न आपल्याआधी लंडनकरांना पडला. टॉमस ट्वाइनिंग याने 1706 साली स्ट्रँड या रस्त्यावर कॉफीगृह घेतले आणि तेथे तो चहा विकू लागला. तेव्हा चहा चीनमधून येई व त्यावर जबर कर असे. कर जबर, की चोरटा व्यापार आणि भेसळ आलीच. भलत्याच झुडपांची पाने वाळवून, रंगवून चहात मिसळीत. वापरलेली पत्ती गोळा करून पुन्हा विकीत. हे थांबवण्यासाठी 1777 साली कायदा झाला. 1784 साली कर 119 टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला, तेव्हा चोरटा व्यापार बसला. भेसळ मात्र उरलीच. मग 1826 साली जॉन हॉर्निमन याने मोहोरबंद पुडक्यांतून चहा विकण्यास सुरुवात केली. म्हणजे चहाचे पुडके जन्माला आले, ते सुट्या मालावरचा गिऱ्हाइकाचा विश्वास उडाला होता म्हणून.

हे झाले व्यापाऱ्याचे उत्तर. कामकऱ्यांनी दुसरे उत्तर शोधले. 21 डिसेंबर 1844 रोजी इंग्लंडातील रॉचडेल गावी 28 जणांनी स्वतःचे सहकारी दुकान उघडले. त्यांत विणकर बरेच होते. आरंभी माल एवढाच : लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या. लवकरच त्यात चहा आला. माप खरे आणि माल निर्भेळ, हीच त्यांची जाहिरात. चांगले दुकान सापडत नाही, तर आपणच काढू, असे म्हणणाऱ्या त्या माणसांपुढे मी हात जोडतो.

परंतु या कथेला दुसरी बाजू आहे, आणि ती आपल्या देशात घडली. 10 जानेवारी 1839 रोजी आसामच्या चहाच्या 8 पेट्या लंडनच्या लिलावात विकल्या गेल्या आणि हळूहळू चीनची मक्तेदारी संपली. मळ्यांसाठी छोटानागपूर व इतर दूरच्या मुलखांतून मजूर नेले. 1859 च्या कायद्याने करार मोडणे हा मजुराचा गुन्हा ठरला. पुढे पळून गेलेल्या मजुराला स्वतः पकडण्याचा अधिकारही मळेवाल्याला मिळाला, तो 1908 पर्यंत टिकला. तारखा शेजारी ठेवून पाहा. 1875 साली इंग्लंडात कायदा झाला, की बंदरात उतरणारा चहा तपासलाच पाहिजे. 1882 साली हिंदुस्थानात कायदा झाला, तो मजुराला मळ्याशी बांधून ठेवणारा. पत्ती शुद्ध असावी याची काळजी घेतली गेली. ती खुडणाऱ्या हाताची नाही. 1921 च्या मे महिन्यात चारगोळा खोऱ्यातले हजारो मजूर मळे सोडून पायी निघाले, तेव्हा चांदपूर येथे गुरखा शिपायांनी त्यांना रात्री मारहाण केली.

आपल्याकडे चहा उशिरा रुळला. 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमधील चहापानाला गेल्यावरून टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य आले होते! पुढे 1903 साली निर्यातीच्या चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. 1930 नंतरच्या मंदीत परदेशी भाव कोसळले, तेव्हा प्रचारकांची नजर देशातल्या गिऱ्हाइकाकडे अधिक वळली. त्याच सुमारास आसामात सीटीसी यंत्र निघाले. दातेरी रुळांमध्ये पान चिरडून, फाडून त्याचे दाणे करावयाचे. थोड्या पत्तीत अधिक कप, रंग गडद. दूध घालून उकळणाऱ्या आपल्या घरांना तोच चहा मानवला. त्यात कमीपणा काही नाही.

आता व्यवहाराचे बोलू. चांगले दुकान कोणते? जो दुकानदार प्रथम विचारतो, "तुम्ही उकळता, की वरून पाणी ओतता?" तो जाणकार. जो पत्ती हातावर घेऊ देतो, आधी पन्नास ग्रॅमच न्या म्हणतो आणि डबे मसाल्यांपासून दूर, झाकून ठेवतो, तो प्रामाणिक. कारण चहा शेजारचा वास चटकन ओढून घेतो. 'ऑरेंज पिको', 'ब्रोकन', 'डस्ट' या नावांनी दबून जाऊ नका. ती मुख्यतः पानाच्या आकाराची, चाळणीची नावे आहेत, चवीची नव्हेत. संत्र्याचा तर तेथे संबंधच नाही. संशय आला तर ओल्या टिपकागदावर पत्ती पसरा. रंगवलेली असेल तर कागदावर डाग उमटतो.

आणि एक प्रश्न अवश्य विचारा : "हा कोणत्या बागेचा, कोणत्या हंगामाचा?" एक किलो चहाला सुमारे साडेचार किलो हिरवी पाने लागतात, आणि दोन पाने व एक कळी असे ती खुडणारे हात बहुतेक बायकांचे असतात. मळेकामगारांना घर, पाणी, दवाखाना व पाळणाघर द्यावे असा कायदा व्हायला 1951 साल उजाडावे लागले. बागेचे नाव कळले, तरच त्या बाईला काय मिळते, हे विचारता येते. नाव नसलेल्या मालामागचा माणूसही नाव नसलेलाच राहतो.

पुढच्या वेळी पाव किलो चहा घेताना एवढे विचारा. सरळ उत्तर देणारा दुकानदार सापडला, तर त्याचा पत्ता शेजाऱ्याला सांगा.