दिनचर्येचे ग्रंथ आणि स्टेशनांतील घड्याळ

आमच्या विद्यार्थ्यांच्या हातीं अलीकडे जीं पुस्तकें वारंवार दिसतात, तीं काव्याचींही नव्हेत आणि इतिहासाचींही नव्हेत. वेळ कसा वांचवावा, चित्त एका कामावर कसें खिळवावें, चांगल्या संवयी अंगीं कशा बाणवाव्या, हें शिकविणारीं तीं पुस्तकें आहेत. जेम्स क्लिअर या अमेरिकन लेखकाचें 2018 मधील 'अॅटॉमिक हॅबिट्स' तर मराठींतही उतरलें आहे. हा सर्व प्रकार नवा व परदेशी, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती तपासून पाहण्यास बुलढाणा जिल्हा आम्हांस फार सोईचा वाटतो.

'लीळाचरित्रा'च्या वाचकांस या जिल्ह्यांतील लोणार व मेहकर हीं गांवें परिचित आहेतच; तेराव्या शतकांत श्रीचक्रधरांचें वास्तव्य तेथें घडलें. त्यांच्या मागें, त्यांच्याच पंथांतील बाइदेवबास यांनीं 'पूजावसर' नांवाचा एक लहानसा ग्रंथ रचला. त्याचा विषय चक्रधरांची दिनचर्या. उपहुड, पूजा, विहरण, आरोगणा, पहुड, म्हणजे उठण्यापासून निजण्यापर्यंतचा स्वामींचा दिवस त्यांत सांगितला आहे. मराठी भाषेंत इतक्या आरंभीं केवळ एका माणसाच्या दिवसावर ग्रंथ व्हावा, याचें आम्हांस नेहमीं नवल वाटतें. परंतु अधिक काम उरकावें हा त्याचा हेतु नाहीं. जो दृष्टीआड झाला, त्याचा प्रत्येक प्रहर मनांत धरून ठेवावा, एवढ्यासाठींच तो लिहिला गेला. एकाग्रता येथेंही आहे. मात्र ती स्वतःच्या उत्कर्षाकडे लागलेली नाहीं.

सतराव्या शतकांतील समर्थ रामदासांचा रोंख निराळा. 'दासबोधा'च्या अकराव्या दशकांतील शिकवणीच्या समासांत त्यांनीं गृहस्थास दिवस आंखून दिला आहे. पहाटे उठून पाठांतर करावें, आधीं कांहीं मिळवावें व मग जेवावें, जेवणानंतर वाचन व चर्चा करावी. प्रातर्विधीस दूर गेलेल्या माणसानेंही परततांना रित्या हातानें येऊं नये, येथवर हा उपदेश जातो. इतका काटकसरी विचार आजच्या अमेरिकन ग्रंथकारांस सुचला असेल असें आम्हांस वाटत नाहीं! हा गृहस्थ मोठा उद्योगी खरा. पण त्याची पहाट व त्याची दुपार त्याच्या स्वतःच्या मालकीची आहे, हें समर्थांनीं गृहीत धरलें आहे.

नेमकें हेंच गृहीत आमच्या जिल्ह्यांत पुढें ढळलें. 1870 मध्यें लॉर्ड मेयो यांच्या हस्तें जलंबहून खामगांवास जाणारा फांटा उघडला गेला. अंतर अवघें आठ मैलांचें, पण खामगांवच्या कापसाला त्यायोगें मुंबईची वाट खुली झाली, आणि गाडीबरोबर घड्याळही आलें. त्या काळीं रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालत. मद्रासचा सूर्य खामगांवच्या सूर्यापेक्षां सुमारें 15 मिनिटें पुढें. 1906 मध्यें साडेब्यायशी रेखांशाची प्रमाणवेळ आली, तेव्हां हें अंतर सुमारें 24 मिनिटांवर गेलें. 24 मिनिटें म्हणजे आपल्या जुन्या मापानें बरोबर एक घटिका.

एका घटिकेनें कोणाचें काय बिघडतें, असें वाचक विचारतील. गाडी चुकणाऱ्या प्रवाशाचें थोडेंसें बिघडे, इतकेंच. खरा फरक पडला तो कापसाच्या जिनांत. हिंदुस्थानांतील कारखान्यांच्या चौकशीसाठीं नेमलेल्या मंडळानें 1908 मध्यें आपला अहवाल दिला. जिनिंगच्या कारखान्यांत हंगामाच्या दिवसांत 17-18 तासांपर्यंत काम चाले, असें त्या चौकशींत आढळून आलें. योगायोग असा कीं, त्याच 1908 सालीं इंग्लंडांत आर्नल्ड बेनेट यांचें 'दिवसाच्या चोवीस तासांवर कसें जगावें' अशा अर्थाच्या नांवाचें पुस्तक निघालें. दहा ते सहा कचेरींत घालविणाऱ्या लंडनच्या कारकुनास बेनेट सांगतात कीं, उरलेले 16 तास तुझेच आहेत, त्यांतच तुझा खरा दिवस आहे. पुस्तक विनोदी व शहाणपणाचें आहे. आम्हीं तें महाविद्यालयांत असतांना आवडीनें वाचलें होतें, व त्याप्रमाणें पहाटे उठून अभ्यास करण्याचा प्रयोगही चार-सहा दिवस टिकविला होता. परंतु भोंग्यानें बोलावलेल्या जिनांतील माणसाच्या दिवसांतून 18 तास वजा केले, तर बेनेटसाहेबांचा हिशेब कोठून मांडावयाचा? चोवीस तास प्रत्येकास सारखेच मिळतात, हें या वाङ्मयाचें लाडकें सूत्र आहे. तें अंकगणितांत खरें, इतिहासांत खोटें. आजच्या पुस्तकांतही हा प्रश्न क्वचितच येतो. वाचकाच्या संवयींची चिकित्सा होते, त्याच्या मालकाच्या संवयींची होत नाहीं.

मुलांनीं हीं पुस्तकें वाचूं नयेत, असें आम्ही म्हणत नाहीं. घरांत पहाटे उठणारें कोणी असलें तर बरेंच. मात्र त्यांच्या शेजारीं 'पूजावसर' ठेवावें आणि 1908 चा तो अहवालही ठेवावा.

खामगांवीं सूर्य माथ्यावर येतो, तेव्हां घड्याळांत सरासरीनें 12 वाजून 24 मिनिटें झालेलीं असतात. निंदणीस गेलेल्या बाया शिदोरी सोडतात त्या अजूनही पुष्कळदां सावली पाहूनच.